गूगलवरचा ताप आणि दवाखान्यातला ताप

अमेरिकेत शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धा हिवाळ्यात रंगतात आणि फ्लूची साथही हिवाळ्यातच येते. 'हायस्कूल बास्केटबॉल' हे शब्द गूगलवर दर आठवड्याला किती वेळा शोधले गेले याचा आलेख काढला, तर तो फ्लूसदृश आजाराच्या आलेखाशी चांगलाच जुळतो. चेंडूपासून साथ पसरत नाही हे आपल्याला कळते, कारण चेंडू आणि फ्लू या दोन्ही गोष्टी आपल्या परिचयाच्या असतात. संगणकापुढे मात्र एकाच वेळी चढणाऱ्या आणि एकाच वेळी उतरणाऱ्या दोन रेषांखेरीज काही नसते. गूगलमधील संशोधकांनी २००८ साली फ्लूच्या आकड्यांशी जुळणारे शोधशब्द संगणकाकडून निवडून घेतले, तेव्हा पहिल्या शंभरांत हा बास्केटबॉल हजर होता आणि ऑस्करची नामांकनेही होती. 'गूगल फ्लू ट्रेंड्स' या नावाने त्या नोव्हेंबरात सुरू झालेला आणि सात वर्षे पुरी होण्याआधीच गुंडाळला गेलेला हा प्रकल्प पुढे का फसला, याचे मूळ मला या यादीतच दिसते.

प्रकल्पामागची गरज खरी होती. अमेरिकेत फ्लूवर लक्ष ठेवण्याचे काम अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, करते. देशभरातील ठरावीक डॉक्टर दर आठवड्याला आपल्याकडे आलेल्या एकूण रुग्णांपैकी किती जणांना १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आणि सोबत खोकला किंवा घसादुखी होती, हे कळवतात. हे आकडे गोळा होऊन, तपासून प्रसिद्ध होईपर्यंत एक ते दोन आठवडे जातात, आणि साथीच्या दिवसांत दोन आठवडे हा फार मोठा काळ असतो. उलट ज्याला कणकण वाटते तो माणूस डॉक्टरची वेळ घेण्याआधीच मोबाइलवर लक्षणे आणि औषधे शोधू लागतो, आणि ते शब्द कंपनीच्या संगणकात त्याच क्षणी नोंदले जातात. या नोंदींवरून आजच्या साथीचा अंदाज आजच बांधता आला तर दोन आठवडे वाचतील, असा तो विचार होता.

पद्धत समजायला अवघड नाही. संशोधकांनी २००३ ते २००८ या काळातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ५ कोटी शोधवाक्यांची आठवडावार मोजणी घेतली आणि प्रत्येक वाक्याचे एकूण शोधांशी असलेले प्रमाण काढले. मग एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची जी जुनी संख्याशास्त्रीय रीत आहे, जिला रेषीय समाश्रयण म्हणतात, तिच्या साहाय्याने प्रत्येक वाक्याचे प्रमाण सीडीसीच्या नऊ विभागांतील आकड्यांशी ताडून पाहिले. अशी ४५ कोटी प्रतिमाने, म्हणजे अंदाज बांधणारी गणिती सूत्रे, तपासल्यावर ४५ वाक्यांचा संच सर्वांत चांगला जुळला. बास्केटबॉल आणि ऑस्कर या पंचेचाळिसांच्या बाहेर राहिले. निवडीत न वापरलेल्या आठवड्यांवर हा संच लावून पाहिला, तेव्हा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे यांच्यातील सरासरी सहसंबंध ०.९७ निघाला. पूर्ण जुळणी म्हणजे १, हे लक्षात घेतले तर तेव्हाच्या लोकांना का भुरळ पडली ते समजते.

एक गोष्ट मात्र तेव्हा पुरेशी बोचली नाही. एका बाजूला ५ कोटी उमेदवार वाक्ये होती, आणि ज्यांच्याशी ती जुळवायची ते आकडे होते अवघे १,१५२. एक हजार चोवीस माणसांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगितले, तर सरासरीने त्यांतल्या एकाला दहाही वेळा छापा पडतो. त्या माणसाच्या हातात काही सिद्धी नसते. आपण इतक्या जणांना उभे केले की कुणाला तरी तसे पडणारच होते. पाच कोटी वाक्यांच्या गर्दीत फ्लूशी केवळ योगायोगाने जुळणारी किंवा फक्त हिवाळ्याशी जुळणारी वाक्ये असणे अपरिहार्य होते, आणि निवडलेल्या पंचेचाळिसांत अशी किती शिरली हे बाहेरच्या कुणाला तपासता येत नव्हते, कारण ती संपूर्ण यादी कंपनीने कधीच प्रसिद्ध केली नाही. विज्ञानाच्या दृष्टीने ही लपवालपवी मला चुकीच्या अंदाजांपेक्षाही मोठा दोष वाटते.

पहिला फटका लगेच बसला. एच१एन१ विषाणूची, म्हणजे आपण ज्याला स्वाइन फ्लू म्हणू लागलो त्याची साथ २००९ च्या वसंतात आली, आणि हिवाळ्याला सरावलेल्या प्रतिमानाला ही अवेळी आलेली पहिली लाट नीट दिसली नाही. सप्टेंबर २००९ मध्ये प्रतिमान बदलावे लागले. मग २०१२-१३ च्या हिवाळ्यात ते विरुद्ध बाजूला घसरले. त्या जानेवारीत फ्लूच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरली होती आणि बोस्टन शहराने आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. साथीच्या शिखरावर डॉक्टरांकडे येणाऱ्यांत फ्लूसदृश रुग्ण किती, याचा गूगलचा अंदाज जवळपास ११ टक्क्यांवर गेला, आणि सीडीसीचा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास होता.

या फरकाचा अर्थ पुणेकरांना वेगळा समजावून सांगायला नको. ऑगस्ट २००९ मध्ये भारतातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला आणि त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगेत विषाणू घेऊन आलेले होते तसेच केवळ धास्ती घेऊन आलेलेही होते, आणि त्यांना वेगळे करायला घशातला नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागत होता. शोधाच्या आकड्यांत अशी प्रयोगशाळा नसते. ज्याला फ्लू झाला त्याचा शोध आणि ज्याने सकाळी फ्लूची बातमी वाचली त्याचा शोध, दोन्ही एकाच खात्यात जमा होतात.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या प्रकल्पाचा जो ताळेबंद मांडला, तो आजही वाचण्यासारखा आहे. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे गूगलचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला होता. चूक कधी वर, कधी खाली अशी होत राहिली असती तर तिला नशीब म्हणता आले असते. शंभर वेळा एकाच दिशेने होणारी चूक मोजपट्टीच वाकडी असल्याचे सांगते. त्यांनी दाखवलेला दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. शोधयंत्र स्वतः स्थिर नसते. कंपनी ते सतत बदलत होती: शोधताना आणखी शब्द सुचवले जाऊ लागले, आणि २०१२ पासून ताप, खोकला अशी लक्षणे लिहिली की संभाव्य आजारांची नावे समोर येऊ लागली. साधा खोकला शोधायला आलेला माणूस पडद्यावर फ्लूचे नाव वाचून त्याच्यावर बोट ठेवतो, आणि फ्लूच्या शोधांत एकाची भर पडते. तराजूवर कोणी मधूनच बोट ठेवावे आणि वजन वाढले म्हणून नोंद व्हावी, तसा हा प्रकार होता.

सर्वांत झोंबणारी गोष्ट मात्र साधी होती. सीडीसीचे दोन आठवड्यांपूर्वीचे शिळे आकडे घेऊन ते नुसते पुढे ओढले, तरी आजचा अंदाज गूगलपेक्षा बरा येत होता. साथ एका रात्रीत उगवत नाही आणि एका रात्रीत मावळतही नाही, त्यामुळे गेल्या पंधरवड्याचा आकडा आजच्याबद्दल पुष्कळ सांगून जातो. गंमत अशी, की हे शिळे आकडे आणि गूगलचे ताजे शोध एकत्र केले, तर दोन्हींपेक्षा चांगला अंदाज मिळत होता. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'आर्गो' नावाचे प्रतिमान बांधले ते याच पायावर. ते मागील ५२ आठवड्यांचे सीडीसीचे आकडे आणि शंभरेक शोधशब्द एकत्र घेते, आणि मागील दोन वर्षांच्या नोंदींवरून दर आठवड्याला स्वतःला नव्याने जुळवून घेते. निरुपयोगी ठरलेल्या शब्दाचे वजन त्यात आपोआप शून्यावर येते, आणि शोधयंत्र बदलले तरी ती वाकडी पट्टी पुढच्या काही आठवड्यांत सरळ होऊ लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने आपले फ्लूचे अंदाज प्रसिद्ध करणे थांबवले. म्हणजे ज्या संथ सरकारी मोजणीची गरज संपेल असे वाटत होते, तिच्याच आधाराने शोधांचे आकडे अखेर कामाला आले.

आकडेवारी प्रचंड असली की ती सत्याच्या जवळ असेल, ही समजूत समाजमाध्यमांच्या बाबतीत तर आणखी महागात पडते. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात; पण पातेल्यातला भात सारखा शिजलेला असेल तरच एक शीत पुरते. तळ करपला असेल, तर वरची हजार शिते चाचपूनही तो कळणार नाही. जर्मनीतील २००९ च्या निवडणुकीत सुमारे एक लाख ट्वीटांमधील पक्षांचे उल्लेख मोजून, ते प्रमाण मतांच्या टक्केवारीशी जवळजवळ जुळते असा निष्कर्ष पुढच्या वर्षी मांडला गेला. इतर अभ्यासकांनी पुन्हा मोजले तेव्हा दिसले, की मूळ मोजणीत फक्त संसदेतील सहा पक्ष घेतले होते. वगळलेला पायरेट पक्ष धरला असता तर उल्लेखांत तोच पहिला आला असता. प्रत्यक्षात त्याला २ टक्के मते मिळाली. इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी स्थापन झालेल्या पक्षाचे समर्थक ट्विटरवर दाटीने असणार, हे आधीच सुचायला हवे होते.

याहून ताजे उदाहरण करोनाच्या लसीकरणाचे आहे. अमेरिकेत फेसबुकच्या वापरकर्त्यांकडून आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे गोळा करणाऱ्या एका सर्वेक्षणाने मे २०२१ मध्ये पहिली मात्रा घेतलेल्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त सांगितले, आणि काळजीपूर्वक निवडलेल्या सुमारे हजार लोकांच्या एका छोट्या सर्वेक्षणाचा अंदाज बरोबर आला. त्या अडीच लाख उत्तरांची किंमत खऱ्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यातील जेमतेम दहा उत्तरांइतकीच उरली होती, असे 'नेचर'मधील विश्लेषणात दाखवले गेले. यातला खरा धोका त्रुटीच्या मर्यादेचा, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो हे सांगणाऱ्या आकड्याचा आहे. नमुना मोठा होत जातो तशी सूत्रातून निघणारी त्रुटीची मर्यादा बारीक होत जाते, पण नमुन्यातला एकाच बाजूला झुकलेला कल तसाच राहतो; परिणामी चुकीच्या आकड्याभोवती अतिशय अरुंद आणि आत्मविश्वासाची कड उमटते.

मराठीत या सगळ्यात भाषेचा आणखी एक पीळ पडतो. गूगलने २०११ मध्ये डेंगीसाठी असेच अंदाज सुरू केले, तेव्हा त्यात भारत होता. पण मराठी माणूस तापाचा शोध देवनागरीत 'ताप' असा घेतो, रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहितो, किंवा सरळ 'फीव्हर' लिहितो. रोमन लिपीतला 'ताप' नळाची तोटीही होऊ शकतो, आणि देवनागरीतला 'ताप' अंगात नसून डोक्याला असू शकतो. 'थंडी' हा ऋतू आहे तसेच हिवतापाचे लक्षणही आहे. लिहिलेल्या मजकुरातून कौतुक आहे की टीका हे ओळखणाऱ्या, म्हणजे भावनांचे विश्लेषण करणाऱ्या प्रणालींना तर आपला खास तिरकस सूर पेलावा लागतो. 'वा, काय दिवे लावलेत!' या वाक्यातले शब्द सुटे करून मोजले तर ते कौतुक ठरते. शब्द मोजण्याऐवजी माणसांनी वाचून गुण दिलेल्या उदाहरणांवर संगणकाला शिकवावे लागते ते यामुळेच. पुण्याच्या 'एल३क्यूब' या संशोधक गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट असे वर्गीकरण करून खुले केले आहेत.

ज्यांना स्वतः हात घालून पाहायचा आहे त्यांच्यासाठी कोणता शब्द किती शोधला जातो याचे आलेख दाखवणारे 'गूगल ट्रेंड्स' हे संकेतस्थळ खुले आहे, आणि त्यातला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नसतो; एकूण शोधांतील सर्वाधिक प्रमाणाला १०० धरून काढलेले ते सापेक्ष प्रमाण असते. समजा, एखाद्या राज्यात गेल्या वर्षी दहा लाख शोधांपैकी एक हजार डेंगीचे होते आणि यंदा वीस लाखांपैकी बाराशे आहेत. डेंगी शोधणारे दोनशेने वाढले, पण प्रमाण हजारी एकवरून हजारी ०.६ वर आले. म्हणून आलेखावर गेल्या वर्षीचे शिखर १०० दिसेल आणि यंदाचे ६०. स्वस्त डेटामुळे क्रिकेट आणि सिनेमा शोधणारे वाढले एवढ्यानेच डेंगी ओसरल्यासारखा भासेल. शिवाय हे आकडे सर्व शोधांवरून काढलेले नसून त्यांच्या नमुन्यावरून काढलेले असतात, त्यामुळे कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांसाठी सोमवारी उतरवून घेतलेला आणि गुरुवारी उतरवून घेतलेला आलेख तंतोतंत सारखा येत नाही. अभ्यासक अशा वेळी तोच शब्द वेगवेगळ्या दिवशी अनेकदा शोधून त्यांची सरासरी घेतात, आणि ती सरासरीसुद्धा आधी आरोग्य खात्याच्या नोंदींशेजारी ठेवून पाहतात.