सुया, ब्लेड आणि फॉर्म २ : छोट्या दवाखान्यासाठी जैव-वैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र

दिवसाला चारच इंजेक्शने देणाऱ्या दवाखान्यालाही कचरा हाताळण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र, म्हणजे परवानगी, लागते. ‘जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६’ मध्ये हे स्पष्ट आहे: कचरा कितीही थोडा असो, अर्ज करायचाच. डेंटल क्लिनिक, पॅथॉलॉजी लॅब, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे दवाखाने, जनावरांचे दवाखाने, शाळेतली प्रथमोपचार खोली, लसीकरण आणि रक्तदान शिबिरे, सगळे यात आले. ‘आमच्याकडे खाटाच नाहीत’ हे कारण चालत नाही. खाटा नसल्याने प्रक्रिया सोपी होते, एवढेच.

आधी करार, मग अर्ज

सुया शेवटी कुठे जाणार, हे अर्जात लिहावे लागते. म्हणून सुरुवात सामायिक प्रक्रिया केंद्राशी, म्हणजे अनेक दवाखान्यांचा कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राशी, करार करण्यापासून होते. अशा केंद्राची सेवा ७५ किलोमीटरच्या आत मिळत असेल, तर दवाखान्याला स्वतःची प्रक्रिया-यंत्रणा उभारता येत नाही. मागच्या अंगणात खड्डा खणून सुया पुरणे किंवा जाळणे हा मार्ग तिथेच बंद होतो. करार करताना त्या केंद्राला मंडळाची मंजुरी आहे का, गाडी कोणत्या वारी येते, पिशव्या-डब्यांवर लावायची बारकोडची लेबले कोण देते, हे लेखी घ्या.

महाराष्ट्रात अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरून होतो. त्यासाठी केंद्राचा करार किंवा सदस्यत्वाचा दाखला, डॉक्टरांचे नोंदणी प्रमाणपत्र, जागेचा पुरावा आणि खाटा असतील तर नर्सिंग होमची नोंदणी, ही कागदपत्रे स्कॅन करून हाताशी ठेवा. सगळ्यांवर दवाखान्याचे नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा हवा. करारावर ‘क्लिनिक’ आणि नोंदणीवर ‘हॉस्पिटल’ असले, तर शंका निघणारच.

फॉर्म २ भरताना

फॉर्म २ हा नवीन अर्ज आणि नूतनीकरण दोन्हींसाठी आहे. त्यात पत्ता, जीपीएस अक्षांश-रेखांश, खाटांची संख्या, महिन्याला किती रुग्ण तपासले जातात आणि कचऱ्याचे कोणते काम तुम्ही करणार, हे विचारतात. कचरा प्रक्रियेसाठी केंद्राकडे जात असेल, तर आपल्या नावावर निर्मिती, वर्गीकरण आणि साठवण एवढेच येते. ‘विल्हेवाट’ या रकान्यावरही खूण केली, तर तुमच्या यंत्रणेची माहिती मागितली जाते.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पिशव्या-डब्यांच्या रंगांनुसार भरायच्या ‘किलो प्रतिदिन’च्या तक्त्यात. अंदाजाने ‘१ किलो’ लिहू नका. महिनाभराचा कचरा तोला, रिकाम्या डब्याचे वजन वजा करा आणि कामाच्या दिवसांनी भागा. महिन्यात दीड किलो शार्प्स (सुया-ब्लेडसारख्या टोचणाऱ्या-कापणाऱ्या वस्तू) आणि कामाचे २५ दिवस असतील, तर आकडा ०.०६ किलो येतो. तो क्षुल्लक वाटला तरी तोच लिहा. पुढे हाच आकडा बारकोडच्या नोंदींशी आणि वार्षिक अहवालाशी जुळवून पाहता येतो.

खाटा नसलेल्या दवाखान्याला प्राधिकारपत्र एकदाच घ्यावे लागते. कागदपत्रांसह पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत मंडळाने हरकत घेतली नाही, तर ते मिळाल्याचे मानले जाते. यातला ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. पोचपावती आणि जोडलेल्या कागदांची प्रत जपून ठेवा. खाटा असतील तर मुदत जल आणि वायू प्रदूषणाच्या कायद्यांखाली मिळणाऱ्या संमतीपत्राशी बांधलेली असते. पुढे लॅब सुरू केली, खाटा वाढवल्या किंवा कचरा हाताळण्याची पद्धत बदलली, तर मंडळाला कळवून पुन्हा फॉर्म २ भरावा लागतो. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत फॉर्म ५ मध्ये अपील करता येते.

पांढऱ्या डब्यात काय

कागद मिळाला तरी तपासणीत आधी पांढरा डबाच पाहिला जातो. तो अर्धपारदर्शक, सुई आरपार न जाणारा, न गळणारा आणि एकदा बंद केल्यावर न उघडणारा हवा. बिसलरीच्या बाटलीत सुया भरून ठेवणे या अटींत बसत नाही.

सुया, शस्त्रक्रियेची ब्लेड, टाके घालायच्या सुया, लॅन्सेट (बोटातून रक्त काढायची टोचणी) आणि नीडल कटरमधून निघालेले तुकडे पांढऱ्या डब्यात जातात. सुई जोडलेलीच असते अशी सिरिंज, म्हणजे इन्सुलिनची किंवा लसीकरणाची, अख्खी त्यातच टाकायची. साध्या सिरिंजची सुई कटरने कापली की प्लास्टिकचा भाग लाल पिशवीत. फुटलेले अँप्युल आणि काचेच्या बाटल्या मात्र पांढऱ्यात नाहीत. त्यांना निळ्या खुणेचा, सुई-काच आरपार न जाणारा डबा. ही चूक फार होते, कारण काचही टोचतेच.

वापरलेल्या सुईवर टोपण परत लावू नका. बोटाला टोचते ते बहुधा त्याच क्षणी. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करा. वर दाबून सुया कोंबण्याच्या नादात हात जखमी होतो. डब्यात हायपोक्लोराइटचे (ब्लीचसारखे) जंतुनाशक द्रावण ओतण्याची जुनी सवयही सोडा. धातू गंजतो, पाणी सांडते आणि आधी निर्जंतुक करण्याची अट लॅबचा कचरा, रक्ताचे नमुने, रक्तपिशव्या अशा कचऱ्याला आहे, सुयांना नाही.

नोंदी

रोजचे रजिस्टर ठेवा आणि नोंदी ५ वर्षे जपा. मागील जानेवारी ते डिसेंबरचा वार्षिक अहवाल फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत द्यायचा. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामाला लागताना आणि दरवर्षी प्रशिक्षण व आरोग्य तपासणी ही मालकाची जबाबदारी आहे. झाडलोट करणारी बाईसुद्धा यात येते, हे विसरू नका. भरलेला डबा उचलते ती.

सुई टोचणे नियमांच्या भाषेत ‘मोठा अपघात’ नाही, त्यामुळे २४ तासांचा फॉर्म १ त्यासाठी नाही. त्याची माहिती वार्षिक अहवालात जाते. उपचार मात्र थांबत नाहीत. जखम न पिळता साबण-पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो २ तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही.