शुल्कनिश्चिती, महाविद्यालयीन (कोल्हापूर)

सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत विद्यार्थ्याने वर्षाला किती रक्कम भरायची, हे ठरवण्याचा अधिकार व त्याची पद्धत म्हणजे शुल्कनिश्चिती. रोजच्या बोलण्यात हिला 'फी ठरणे' म्हणतात. कोल्हापुरात ही फी मंत्रालय, शिवाजी विद्यापीठ, मुंबईतले शुल्क नियामक प्राधिकरण आणि संस्थांची व्यवस्थापने अशा चार ठिकाणी ठरते. विद्यार्थ्याच्या हाती मात्र एकच पावती येते.

राजाराम कॉलेज १८८० साली संस्थानी काळात निघाले. तेव्हा खर्चाचा आणि सवलतींचा निर्णय दरबाराचा असे. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने त्याहून मोलाची ठरली ती १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेली वसतिगृहांची साखळी. खेड्यातून आलेला मुलगा फीपेक्षा राहण्या-जेवणाच्या खर्चाने अडतो, हे महाराजांनी ओळखले होते. याच शहरात जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या, हातकणंगले तालुक्यातील कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी पुढे रयत शिक्षण संस्थेतून 'कमवा व शिका' उभे केले. कोल्हापुरात फीची चर्चा आजही बोर्डिंग आणि खाणावळीला वगळून होत नाही, ती याच वारशामुळे.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि संलग्न महाविद्यालयांतील पारंपरिक अभ्यासक्रमांचे शुल्क त्याच्या कक्षेत आले. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांवरील प्राध्यापकांचा पगार शासन देते, त्यामुळे बी.ए., बी.कॉम.ची शिक्षण फी कमी राहते. राजाराम कॉलेज किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांची फी शासन निर्णयाने ठरते. खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी, वैद्यकीय वगैरे महाविद्यालयांसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालचे प्राधिकरण संस्थेचे हिशेब तपासून आकडा मंजूर करते. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्या वाटेने कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कॉलेजे उभी राहिली आणि फीचा प्रश्न घरोघरी पोचला.

खरी गुंतागुंत अनुदानित महाविद्यालयाच्या आवारातच दिसते. एकाच फाटकातून आत येणाऱ्या दोन मुलींपैकी एक अनुदानित तुकडीत बी.एस्सी. करते, दुसरी बी.सी.ए. किंवा संगणकशास्त्राच्या विनाअनुदानित तुकडीत. ग्रंथालय, मैदान, जिमखाना एकच, पण दुसरीची फी पहिलीच्या कित्येक पट. तिला शिकवणाऱ्यांचे मानधन त्या फीतूनच निघते. पावती हाती घेऊन वाचावी: शिक्षण शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, विद्यापीठाचा प्रोराटा (दर विद्यार्थ्यामागे विद्यापीठाला द्यायचा वाटा), परीक्षा शुल्क, अनामत. यातले काही महाविद्यालयाकडे राहते, काही विद्यापीठाकडे जाते, अनामत शेवटी परत मागायची असते आणि बरेच जण ती मागायला विसरतात. कोणती बाब कोणाच्या आदेशाने घेतली, हे पावतीवर सहसा नसते. खिडकीपाशी उभ्या असलेल्या बापाने 'हे कशाचे?' विचारले, तर त्याला आदेशाचा क्रमांक दाखवता आला पाहिजे. प्रत्येक बाबीपुढे तो छापणे अवघड नाही.

शुल्क कोणी ठरवावे, यावर न्यायालयांतही मोठा वाद झाला. टी.एम.ए. पै प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांना शुल्क ठरवण्याची मोकळीक दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी उकळलेली जादा रक्कम) यांना मनाई केली. त्याच न्यायालयाच्या २००३ च्या निकालातून फी तपासणाऱ्या, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समित्या आल्या. याच वादातले २००५ चे इनामदार प्रकरण तर महाराष्ट्रातलेच. सार्वजनिक विद्यापीठांबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये आवर्ती खर्चाचा काही वाटा फीतून उभारावा असे सुचवले होते.

संस्थाचालक म्हणतात, वीज, इमारत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक यांचा खर्च आम्हाला कळतो, म्हणून आकडाही आम्हीच सांगावा. खर्च त्यांना कळतो हे खरेच. पण पगार करदात्याच्या पैशातून होतात, तेव्हा अंतिम शब्द विधानसभेला उत्तर देणाऱ्या शासनाचाच हवा. त्याचबरोबर अनुदान थकवून, रिक्त पदे न भरून तुकड्या विनाअनुदानित करत जाणे, ही मागच्या दाराने केलेली फीवाढच आहे आणि तिचा ठपका शासनावर येतो. फी भरणाऱ्यांचा आवाज या रचनेत सर्वांत दुबळा आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद झाली, तरी शुल्क ठरते त्या बैठकीत विद्यार्थ्याचे वजन पडत नाही. तिथे निवडून आलेला विद्यार्थी बसला पाहिजे, निवेदन देऊन बाहेर थांबलेला नव्हे.

सवलतींनी भार हलका होतो. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४ पासून याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करायचा, पैसे मागाहून येतात. तोवर काही ठिकाणी पूर्ण फी आधी भरून घेतली जाते.

रकमेवर एवढा खल होतो, पण ती कधी भरायची याकडे क्वचितच लक्ष जाते. प्रवेश जून-जुलैत होतात. राधानगरी, भुदरगडच्या शेतकऱ्याचे उसाचे बिल हंगाम सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर हाती येते. पावसाळ्यात घरात येणारा पैसा म्हणजे दर दहा दिवसांचे दुधाचे बिल. त्या बिलात बसेल असा हप्ता जिथे लेखी मंजूर होतो, तिथे प्रवेश टिकतो. जिथे तो कार्यालयातल्या ओळखीवर अवलंबून असतो, तिथे मुलगी पहिल्या फेरीत नाव लागूनही घरी बसते.