राऊटर नसलेल्या घरातलं वायफाय

विदर्भातल्या खेड्यात मोबाईलचं नेटवर्क घरभर सारखं मिळत नाही. सपरीतल्या खिडकीत फोन ठेवला की तीन काड्या, आतल्या खोलीत नेला की एकही नाही. ती खिडकी घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. भारतनेट या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी तिथून पुढे घरोघरी जोडणी झालेली नसते. त्यामुळे ई-पीक पाहणी, सातबारा, पीक विमा, पोरापोरींचे कॉलेजचे फॉर्म, सगळा भार त्या खिडकीतल्या फोनवर येतो. अशा घरात एक लॅपटॉप आणि एक जुना डेस्कटॉप असला आणि दोन्हींवर नेट हवं असलं, की राऊटर घ्यावाच लागेल असं लोक धरून चालतात. खरं तर राऊटरची सगळी कामं करायची सोय साध्या लॅपटॉपमध्ये आधीपासूनच असते.

विंडोजमध्ये एका कॉम्प्युटरचं इंटरनेट दुसऱ्याला देण्याची सोय आली ती १९९९ साली, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत. वायफायचं पहिलं प्रमाणक त्याआधीचं, १९९७ चं. त्यातच मध्ये कोणतंही केंद्र न ठेवता दोन कॉम्प्युटरनी थेट एकमेकांशी बोलायची पद्धत होती, तिला ॲड-हॉक म्हणत. बरीच वर्षं लोकांनी बिनराऊटरचं नेट असंच वाटून घेतलं. पण त्या काळची वेप नावाची कुलूपबंदी कच्ची होती, ती फोडता येते हे २००१ मध्येच उघड झालं. पुढे २००९ च्या विंडोज ७ ने लॅपटॉपच्या वायफाय कार्डालाच केंद्र बनवायची युक्ती आणली आणि २०१६ पासून विंडोज १० च्या सेटिंगमध्ये 'मोबाईल हॉटस्पॉट' असं सरळ बटणच आहे. ते सुरू केलं की लॅपटॉप सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत जाहीर करत राहतो. पासवर्ड बरोबर दिला की आठपर्यंत यंत्रं त्याला जोडता येतात. जुन्या डेस्कटॉपला वायफाय नसतं, त्याला यूएसबीत खोचायचं छोटं अडॅप्टर लागतं. एवढंच सामान.

आता आत काय चालतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ मध्ये ठरलेल्या पद्धतीत असे पत्ते जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी होऊ शकतात. ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागलं आणि १९९४ मध्ये एक तात्पुरता तोडगा लिहून काढला गेला: घरातल्या यंत्रांना घरगुती पत्ते द्यायचे आणि बाहेर सगळ्यांनी मिळून एकच पत्ता वापरायचा. तो तात्पुरता तोडगा आजही जगभर चालू आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशा घरगुती वापरासाठी राखून ठेवले आहेत. हॉटस्पॉट सुरू केलेला विंडोजचा लॅपटॉप स्वतः सहसा १९२.१६८.१३७.१ होतो. तुमच्या घरचा लॅपटॉप आणि टोकियोतल्या कुणाचा लॅपटॉप, दोघांचा घरगुती पत्ता हाच असू शकतो आणि त्यानं काही बिघडत नाही.

समजा आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपला लॅपटॉपनं १९२.१६८.१३७.२४ हा पत्ता दिला आहे आणि त्यावर कुणी सातबारा उघडला. डेस्कटॉपची मागणी निघाली तेव्हा तिच्यावर हा पत्ता आणि सोबत एक पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या यंत्रातल्या कोणत्या कामाची ही मागणी ते ओळखायचा आकडा होता, धरा ५०११२. लॅपटॉपनं ती मागणी घेतली, पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घातला, पोर्ट बदलून ६१००५ केला आणि आपल्या तक्त्यात नोंद ठेवली: ६१००५ वर जे येईल ते २४ नंबरच्या ५०११२ ला द्यायचं. उत्तर आलं की तक्ता पाहायचा, पत्ता परत बदलायचा, पुढे सरकवायचं. आठवडी बाजाराला सगळ्या घरांच्या वतीनं एकच माणूस जातो, दुकानदार फक्त त्यालाच ओळखतो, आणि कुणी काय सांगितलं हे त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर असतं, तसंच हे. लॅपटॉप एका सेकंदात अशा शेकडो नोंदी सहज हाताळतो.

लॅपटॉपला नेट फोनकडून मिळत असेल तर फोनही पुन्हा हेच करतो आणि मोबाईल कंपनीही आपल्याकडे पुष्कळदा हेच करते. म्हणजे सातबाऱ्याची मागणी मुंबईला पोचेपर्यंत तिचा पत्ता तीनदा बदललेला असू शकतो.

याचा एक परिणाम शेतकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. बाहेरून कुणी न मागता काही पाठवलं तर तक्त्यात त्याची नोंदच नसते, म्हणून ते टाकून दिलं जातं. त्यामुळे वावरातल्या गोठ्यावर सिमकार्डाचा कॅमेरा लावला तरी पुण्याहून थेट त्याच्याशी बोलता येत नाही. कॅमेरा आधी स्वतः तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि चित्र त्या वाटेनं येतं. कंपनीचा सर्व्हर बंद पडला की कॅमेरा धड असूनही मोबाईलवर काही दिसत नाही, त्याचं कारण हे.

आता रेडिओलहरींबद्दल. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीचं यंत्र वापरायला २००५ पासून परवाना लागत नाही. या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथाईवर येते, घरात तर भिंती आणखी खातात. टिनाचा पत्रा लहर परत फेकतो. धान्याची लोखंडी कोठी मध्ये आली तर तिच्यामागे जवळपास सावलीच पडते. मातीची दीड-दोन फुटांची भिंत उन्हाळ्यात कोरडी असताना बरीच लहर जाऊ देते, पण पावसाळ्यात ओल धरली की तीच भिंत जड जाते, कारण पाणी ही लहर शोषतं. खोलीत भरून ठेवलेल्या कापसाची मात्र भीती नको. कोरडा, सुटा कापूस म्हणजे बहुतांश हवाच. लाकडी दार आणि खिडकीही फारसं अडवत नाहीत, म्हणून लॅपटॉप दाराच्या रेषेत सरकवला तर एवढ्यानंही फरक पडतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपुढे लवकर थकतो. जाड भिंतींच्या घरात मी २.४ च निवडायला सांगेन.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे: फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपनं वायफायवर घ्यायचा आणि तोच पुढे वायफायवरच द्यायचा. लॅपटॉपमध्ये रेडिओ सहसा एकच. तो एकदा फोनशी बोलतो, एकदा डेस्कटॉपशी, म्हणजे वेळ वाटला जातो आणि वेग जवळपास अर्ध्यावर येतो. फोन डेटा केबलनं लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलवरून देण्याची सोय, सुरू केलं की रेडिओ पूर्ण डेस्कटॉपसाठी मोकळा होतो, शिवाय फोन चार्ज होत राहतो. केबल एक-दीड मीटरची असते, तेव्हा लॅपटॉपही त्या खिडकीपाशीच ठेवावा लागतो. पण नेटवर्क तिथेच आहे, तर ते योग्यच.

लाईन गेली की राऊटर बंद, लॅपटॉप आणि फोन मात्र बॅटरीवर चालू. भारनियमनाच्या गावात हा फायदा मोठा आहे, फक्त लॅपटॉपचं झाकण मिटायचं नाही. झाकण मिटलं की तो झोपतो आणि आतल्या खोलीतलं नेट जातं.

शेवटची गोष्ट डेटाची. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज असतो हे डेस्कटॉपला कळत नाही. त्याला दिसतं फक्त वायफाय, म्हणून तो विंडोजचे अपडेट बिनधास्त उतरवायला लागतो आणि दुपारपर्यंत डेटा संपतो. डेस्कटॉपवर त्या वायफायच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मोजका आहे असं सांगणारी सेटिंग) चालू करून ठेवा, म्हणजे बहुतेक अपडेट थांबून राहतील.