पूर ओसरताना काठ का तुटतो?

कृष्णेचा पूर ओसरायला लागला की सांगली-मिरजेकडचे मळीवाले, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीचे, शेतकरी आधी काठ बघून येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. एवढ्या पाण्यात उभा राहिलेला काठ पाणी उतरताना ऊस आणि मोटरीसकट नदीत बसतो. असं का व्हावं?

मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरू न देणारी जी ताकद असते, तिला अभियंते शिअर स्ट्रेंग्थ म्हणतात. कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं १७७६ मध्ये तिची फोड केली: थोडा चिकटपणा, बाकी घर्षण. कोरड्या वाळूत चिकटपणा नसतोच. ट्रॉलीतून ओतलेला ढीग साधारण ३०-३५ अंशांवर थांबतो, तो निव्वळ घर्षणावर.

घर्षण चालतं वजनावर. ५ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला वरच्या ओल्या मातीचं जवळपास १० टन वजन येतं. पण माती वरपर्यंत पाण्यानं भरली, की फटींतलं पाणीच त्यातले ५ टन पेलतं. कणांवर उरतात ५ टन, आणि घर्षण निम्म्यावर येतं. पाण्यानं माती निसरडी होते असं आपण सहज म्हणतो. खरा घात हा आतल्या दाबाचा असतो. कार्ल तेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्यानं १९२० च्या दशकात हे मांडलं आणि मातीचं शास्त्र उभं राहिलं.

आता पूर बघा. नदी भरलेली असते तेव्हा तिचं पाणी काठाला बाहेरून रेटून धरतं. पाणी झपाट्यानं उतरलं की तो टेकू जातो. आपली काळी माती मात्र आतलं पाणी सहजासहजी सोडत नाही. दाब आत तसाच, आधार गेलेला, वर ओल्या मातीचा भार. त्यात पायथ्याची वाळू आधीच उपसलेली असेल तर काठाला टेकायलाही काही राहत नाही. वाळूउपशाचं हे नुकसान मला सगळ्यात जास्त सलतं.

काठाला समांतर, चार-सहा हातांवर बारीक भेग दिसली, तर मोटर काढून घ्या, ट्रॅक्टर आणि जनावरं लांब ठेवा. काठापासून दूर उभं राहून भेगेकडं येणारं पाणी चर मारून वळवा. तिच्यात साठलेलं पाणी मातीला आडवं, थेट नदीकडं ढकलतं.