लग्नाच्या क्विल्टवर नक्षी कुठली? टाक्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत लग्नासाठी खास क्विल्ट करून घ्यायची म्हटलं की त्यात दोन वेगळी कामं असतात आणि बऱ्याचदा ती दोन वेगळ्या हातांत जातात. पहिलं काम वरच्या कापडाचं: रंग जुळवायचे, तुकडे कापायचे, जोडायचे. दुसरं काम ते वरचं कापड, मधला कापसाचा थर आणि खालचं अस्तर एकमेकांना शिवून टाकण्याचं. खरं क्विल्टिंग म्हणजे हे दुसरं काम. घरची मंडळी पहिल्या कामावर महिनोन्‌महिने खल करतात, क्विल्टवालीने "वरून नक्षी कुठली घालू?" असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी "बदाम घाला, लग्नाचंच आहे" म्हणून मोकळं होतं.

बदाम घालायला हरकत काहीच नाही. पण या टाक्यांचा इतिहास पाहिला, तर नक्षी कुठली असावी हे प्रेमापेक्षा कापसाने, खडूने आणि मजुरीने जास्त ठरवलेलं दिसतं.

कापसापासून सुरुवात करू. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर असतात. कापड कापडावरून फारसं सरकत नाही, म्हणून धावदोऱ्याच्या समांतर ओळी पुरतात. गादीचं तसं नाही. पिंजारी कापूस भरून झाल्यावर मधे मधे लांब सुईने टाके घालतो, नाहीतर काही दिवसांत सगळा कापूस एका कोपऱ्यात. पाश्चात्त्य क्विल्टमध्येही आत पिंजलेला कापूस किंवा लोकर असे, आणि शिवाय ती क्विल्ट धुतलीही जाई. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन क्विल्टमध्ये दोन टाक्यांच्या ओळींत इंचभर, फार तर दोन इंच अंतर दिसतं, ते या कारणाने. त्याहून मोकळी जागा सोडली तर पहिल्याच धुण्यात कापसाच्या गाठी व्हायच्या.

म्हणजे पांढरा चौकोन मोकळा सोडायची सोयच नव्हती. तो कशाने तरी भरणं भाग होतं, मग शोभेल अशा कशाने तरी भरला जाई. पिसांचा गोल हार, वेणीसारखा पीळ, माशाच्या खवल्यांसारखे अर्धगोल, तिरप्या रेघांची जाळी, हे सगळे नमुने मुळात जागा भरण्याचे. त्यातला एकात एक कमानींचा पंखा तर थेट शरीराच्या मापावर बेतलेला आहे. चौकटीला ताणलेल्या क्विल्टभोवती बायका बसत, कोपर टेकवून हात फिरवला की खडूची कमान आपोआप उमटे, आणि ती हाताच्या टप्प्यातच असल्याने शिवायलाही सोपी जाई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरचं भरण आलं आणि हे बंधन सैल झालं. आज सुयांनी ठोकून घट्ट केलेलं सुती भरण मिळतं. त्यातल्या काहींच्या पाकिटावर टाक्यांमध्ये आठ ते दहा इंच अंतर चालेल असं छापलेलं असतं. नक्षी दाट की विरळ हा प्रश्न खऱ्या अर्थाने 'आवडीचा' झाला तो यानंतर.

लग्न आणि टाक्यांची नक्षी यांचा संबंध मात्र जुना आहे. सिसिलीत साधारण 1360 ते 1400 दरम्यान झालेली एक तागाची क्विल्ट लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, तिची जोडीदार म्हणावी अशी दुसरी फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात. ट्रिस्टन या मध्ययुगीन युरोपीय वीराच्या कथेतले प्रसंग टाक्यांनी रेखून आतून कापूस भरून उठाव दिलेला, आणि प्रसंगांखाली सिसिलीच्या बोलीत मजकूर. फ्लॉरेन्समधल्या दोन बड्या घराण्यांतल्या 1395 च्या लग्नासाठी त्या करून घेतल्या असाव्यात, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण एवढं काम कुणी सहज हौस म्हणून केलं असेल असं वाटत नाही.

फर्माईश देऊन नक्षी करून घेण्याचं आणखी ठळक उदाहरण आपल्या बाजूचं आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधले कारागीर पोर्तुगीज ग्राहकांसाठी पिवळसर टसरच्या धाग्याने भरलेल्या मोठ्या क्विल्ट बनवत. त्यांत शिकारीची दृश्यं, जहाजं, बायबलमधला सॉलोमनचा न्यायनिवाडा आणि काहींत गिऱ्हाइकाच्या घराण्याचं चिन्हसुद्धा असे. टाका बंगालचा, मजकूर गिऱ्हाइकाचा. त्या सगळ्याच लग्नासाठी होत्या असं म्हणता येत नाही, पण 'कस्टम' हा प्रकार अमेरिकेने शोधलेला नाही एवढं यातून कळतं.

दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय आणि भोवतालच्या प्रॉव्हान्समध्ये, पांढऱ्यावर पांढऱ्या टाक्यांचं काम सतराव्या-अठराव्या शतकात बहरलं. दोन पातळ कापडांत नक्षी शिवायची आणि मग मागून सुईने सुताच्या दोऱ्या ओवून ती उठवायची. लग्नाच्या पलंगावर आणि नवरीच्या घागऱ्यावर हे काम असे. डाळिंब, द्राक्षं अशी भरभराटीची चिन्हं त्यात भरत. रंगच नसल्यामुळे सगळा भार नक्षीवर. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लग्नासाठी पांढऱ्याशुभ्र क्विल्ट करण्याची चाल दिसते, तिचं नातं याच कामाशी आहे.

पण नक्षी 'निवडण्याचा' धंदा कसा उभा राहिला हे बघायचं तर उत्तर इंग्लंडमध्ये जावं लागतं. तिथल्या खाणगावांत आणि शेतवस्त्यांत पूर्ण एकाच कापडाच्या, नुसत्या टाक्यांनी सजलेल्या क्विल्ट करत. हेक्सॅमजवळच्या वॉर्डन गावात जोसेफ हेडली नावाचा, 'जो द क्विल्टर' म्हणून ओळखला जाणारा म्हातारा यासाठी प्रसिद्ध होता. 1826 च्या जानेवारीत त्याच्या झोपडीतच त्याचा खून झाला आणि खुनी कधीच सापडला नाही. आज त्याची झोपडी बीमिशच्या खुल्या संग्रहालयात नव्याने उभी केलेली आहे. क्विल्टच्या इतिहासात पुरुष कारागिराचं नाव इतकं ठळक राहिलंय त्याचं एक कारण दुर्दैवाने हा खून.

त्याच परिसरात, ॲलनहेड्सला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज गार्डिनर नावाच्या दुकानदाराने नक्षी आखून देण्याचं काम सुरू केलं. त्याच्या हाताखाली शिकलेली एलिझाबेथ सँडरसन पुढे या कामात त्याच्याहून मोठी झाली. तिच्याकडे बायका कापड पाठवत. ती त्यावर निळ्या पेन्सिलीने मधला गोल, कोपरे, कडेची पिसं, वेटोळी असं सगळं आखून परत पाठवी. शिवायचं ज्याचं त्याने. तिच्याकडे मुली उमेदवारीवर शिकायला असत. आजही जुन्या, कधीच न धुतलेल्या क्विल्टवर ती निळी रेघ दिसते, आणि एकाच हाताची वळणं मैलोन्‌मैल पसरलेल्या घरांतून सापडतात. 'आजीच्या मनातली नक्षी' म्हणून घराघरांत जपलेल्या कितीतरी गोष्टी पोस्टाने मागवलेल्या असतात. त्याने त्यांची किंमत कमी होते असं मला वाटत नाही.

ज्यांना आखणावळ परवडत नसे त्या घरातलंच काही वापरत. वाइनचा पेला उपडा ठेवून भोवती रेघ मारायची, मग पुढच्या वर्तुळाने मागच्याला छेदायचं, की चार पाकळ्यांचं फूल तयार. या नमुन्याचं नावच 'वाइनग्लास' पडलं. वेल्समध्ये फिरत्या क्विल्टवाल्या असत. शेतकऱ्याच्या घरी राहायला येऊन घरातल्या उपवर मुलीच्या क्विल्ट करून देत आणि पुढच्या घरी जात.

बदाम आला तो समजुतींतून. बदामाची नक्षी नवरीच्याच क्विल्टवर घालावी, एरवी घातली तर अपशकुन, असं मानत. कडेचा पीळ किंवा वेल कोपऱ्यावर तुटता कामा नये, नाहीतर संसार मोडतो, हीही समजूत इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे सापडते. मला यातली दुसरी फार सोयीची वाटते, कारण कोपऱ्यावर पीळ न तोडता वळवणं हे क्विल्टवालीच्या हिशेबाचं खरं कसब आहे. बाजूची लांबी पिळाच्या एका वळणाने पूर्ण भागली जायला हवी. ती जात नसेल तर मधे कुठेतरी चार वळणं किंचित ताणून घ्यायची, म्हणजे डोळ्याला कळत नाही. आळशी हाताला धाक घालायला अपशकुनासारखं साधन नाही.

मुलीने लग्नाआधी बारा क्विल्ट करून ठेवायच्या आणि तेरावी लग्न ठरल्यावर, ही कथाही खूप ऐकू येते. ती छापून पसरली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जुन्या वसाहतींच्या दिवसांबद्दल अमेरिकेत हळवेपणा आला होता तेव्हा. बारा क्विल्टचा असा नियम खरोखर सर्वत्र पाळला जाई याला इतिहासकारांना फारसा आधार सापडत नाही.

आज 'लग्नाची क्विल्ट' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती एकमेकांत अडकलेल्या अंगठ्यांची, 'डबल वेडिंग रिंग'. हा नमुना पुरातन वाटतो, पण छापील रूपात तो घरोघरी गेला 1928 च्या सुमारास, वर्तमानपत्रांतून आणि कापसाच्या वेष्टनांतून. सिनसिनाटीची स्टर्न्स अँड फॉस्टर कंपनी 'माउंटन मिस्ट' कापसाच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला नमुने छापत असे. पुढे मंदी आली. फिक्या रंगांच्या चिटांचे आणि धान्याच्या छापील पोत्यांचे बारीक तुकडेसुद्धा या कमानींत खपत. नमुना लग्नाचा असला तरी त्याचा प्रसार काटकसरीने केला.

टाक्यांच्या दृष्टीने मात्र ही क्विल्ट अवघड. कमानीत शिवणीच शिवणी, म्हणून तिथे सुई जड चालते. दोन कमानींच्या मधे डोळ्याच्या आकाराची फाक उरते आणि अंगठीच्या पोटात आत वळलेल्या बाजूंचा चौकोन. जुन्या बायका कमानीतल्या प्रत्येक तुकड्याच्या कडेने आत पाव इंचावर एक ओळ घालत आणि पोटात फुलाचा हार किंवा जाळी. आजची नक्षीवाली याच पोटात दोघांची आद्याक्षरं घालते.

यंत्राचं पाऊल उशिरा पडलं. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घरात होतं, पण क्विल्टचे टाके हातचेच खरे, हा समज फार चिवट. 1989 साली केंटकीतल्या पड्यूका इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर टाके घातलेल्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट बक्षीस मिळालं आणि बराच गहजब झाला. त्याच दशकात लाँगआर्म यंत्रं घरगुती धंद्याला परवडू लागली: क्विल्ट चौकटीवर स्थिर आणि शिवणारं डोकं रुळांवर हिंडतं. गंमत म्हणजे 'अस्सल हातची आमिश क्विल्ट' (आमिश म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) म्हणून पेनसिल्व्हेनियात पर्यटकांना विकल्या गेलेल्या कित्येक क्विल्टचं कापडकाम लाओसमधून आलेल्या ह्मोंग निर्वासित बायकांनी केलेलं होतं.

मजुरीचं गणितही बदललं. पूर्वी चर्चमधल्या बायकांचे गट किती रिळं दोरा लागला त्यावर पैसे घेत. दाट नक्षीला दोरा जास्त, म्हणून पैसे जास्त. आता भाव चौरस इंचाचा. 90 बाय 100 इंचांची क्विल्ट म्हणजे 9,000 चौरस इंच. कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी फिरवायला इंचाला दोन सेंट धरले तर 180 डॉलर. प्रत्येक चौकोन वेगळा भरायला आठ सेंट धरले तर 720. आठ सेंटांचं काम ठरवताना नक्षीवाली क्विल्टवर पारदर्शक प्लास्टिकचा ताव पसरते, त्याच्या कडांना रंगीत चिकटपट्टी लावते (शाई चुकून कापडावर जाऊ नये म्हणून) आणि पुसता येईल अशा पेनाने चित्र काढून गिऱ्हाइकाला दाखवते. नाही पटलं की पुसायचं. सँडरसनबाईंच्या निळ्या पेन्सिलीला ही मुभा नव्हती.

अमेरिकेतल्या मराठी घरांत अशा क्विल्टमध्ये आईच्या किंवा आजीच्या साडीचे तुकडे घालावेत ही इच्छा साहजिक आहे. तिथे नक्षीचा विचार अगदी वेगळा करावा लागतो. रेशमात सुईने पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही, त्यामुळे उसवून दुसरी नक्षी घालण्याचा प्रश्न येत नाही; जरीवर सुई अडली की दोरा तुटतो, आणि दाट टाक्यांनी पदर पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. म्हणून जाणत्या नक्षीवाल्या पैठणीच्या पट्टीच्या फक्त कडेने ओळ घालतात, मोर-वेलींच्या अंगावर टाका घालत नाहीत, आणि सगळी पिसं, पीळ, जाळ्या शेजारच्या सुती चौकोनांत भरतात. फक्त पदराची पट्टी कापण्याआधी भरणाच्या पाकिटावरचा आकडा बघून घेतात: तिथे आठ इंच लिहिलं असेल तर पट्टी आठ इंचांच्या आतच कापायची.