सागरी आणि निसर्गप्रेरित सिरॅमिक

शंखशिंपले, लाटा, पानं, झाडाची साल, दगडावरचं शेवाळ असल्या गोष्टींचे आकार आणि पोत घेऊन हाताने घडवलेल्या, भट्टीत भाजलेल्या मातीच्या वस्तूंना सागरी किंवा निसर्गप्रेरित सिरॅमिक म्हणतात. वाट्या, मग, फुलदाण्या, भिंतीवरच्या टाइल्स, नुसत्या बघायच्या वस्तू, सगळं यात येतं. कारखान्यातला साचा-मशीनचा माल यात धरत नाहीत.

ही फॅशन आजची नाही. इ.स.पू. १५०० च्या आसपास क्रीट बेटावरचे कुंभार सुरईवर अख्खा ऑक्टोपस रंगवायचे, त्याचे हात भांड्याभोवती गुंडाळत जायचे. १६ व्या शतकात फ्रान्समधे बर्नार पालिसी नावाचा कुंभार मासे, साप, शिंपले यांचे साचे काढून त्यातून घडवलेले आकार थाळ्यांवर बसवायचा.

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी समुद्र इथे पूर्वीच येऊन गेलाय. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर दोन्ही नावं आहेत, इथला माल गाड्यांनी भडोच बंदराला जायचा आणि पुढे जहाजातून रोमकडे. तेरला उत्खननात शंखाच्या बांगड्या सापडल्या आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साचे जोडून केलेल्या मूर्ती पण. संत गोरा कुंभारांचं गाव हेच. भाजलेल्या भांड्याला टिचकी मारून ते पक्कं की कच्चं हे आवाजावरून ओळखायची रीत प्रत्येक कुंभाराकडे आहे, गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटून बघितली ती गोष्ट त्यातूनच आली.

इथली खरी अडचण माती. काळी माती ओली झाली की फुगते आणि सुकताना भेगाळते, उन्हाळ्यात रानात दिसतं तेच भांड्यात होतं. म्हणून कुंभार तळ्याचा नाहीतर नदीचा गाळ घेतात, चाळतात, त्यात राख किंवा लीद घालून तुडवतात. तरी चुनखडीचा एखादा खडा राहिला तर संपलंच. भट्टीतून मग मस्त निघतो, आठ-दहा दिवसांनी हवेतला दमटपणा खाऊन आतला चुना फुगतो आणि कडेचा टवका उडतो, मधे पांढरा ठिपका दिसतो. स्टुडिओवाले बहुतेक बाहेरून तयार स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी) मागवतात ते यामुळेच.

पोत उमटवायला मातीची पोळी लाटायची, त्यावर शिंपला नाहीतर पिंपळाचं पान ठेवून हलक्या हाताने लाटणं फिरवायचं. पान काढायची पण गरज नाही, भट्टीत जळून जातं आणि शिरांचं जाळं तेवढं राहतं. शिंपला मात्र माती थोडी आवळली की उचलायचा, घाई केली तर रेघा फाटतात. मला विचाराल तर विकतचे कोकणातले शिंपले कशाला, पैठणला नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की गाळात गोड्या पाण्याचे शिंपले पडलेले असतात, पाणी उतरल्याच्या एकाखाली एक रेघा काठावर दिसतात, आपली लाट ती आहे, तीच भांड्यावर यावी.

पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअस, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत होणारा लेप लावून स्टोनवेअर १२०० ते १२८० पर्यंत. ५७३ अंशाला मातीतली गारगोटी रूप बदलते, थंड होताना तिथे घाई केली तर भांडं तडकतं. समुद्राचा निळा-हिरवा रंग येतो धातूंमुळे. कोबाल्टचा गडद निळा, तांब्याचा हिरवा किंवा फिरोजी. सेलाडॉन नावाचा धूसर समुद्री हिरवा मात्र एक-दोन टक्के लोखंडाचा, तोही भट्टीत हवा कोंडली तरच, नाहीतर त्याच लोखंडाचा मधासारखा पिवळा होतो. साध्या इलेक्ट्रिक भट्टीत तो सहसा जमत नाही, गॅस किंवा लाकूड लागतं.

लाकडाच्या आणि मिठाच्या भट्टीत (भाजताना आत मीठ टाकतात ती) भांडं फळीला चिकटू नये म्हणून बुडाखाली मातीचे गोळे भरलेले शिंपले ठेवतात. भट्टी उघडली की शिंपला पांढराफटक झालेला असतो, म्हणजे तोही चुनाच, पाणी लागलं की फुगून भुगा होतो. बुडाला मात्र त्याच्या सगळ्या रेघा उमटलेल्या राहतात, भांडं उपडं केल्याशिवाय त्या दिसत नाहीत.