साठी, बुद्धी आणि मेंदूचं रक्त

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांना खासबागेतल्या जुन्या कुस्तीचे डाव आजही तोंडपाठ असतात. बीपीची गोळी घेतली की नाही, हे मात्र घरी फोन करून विचारावं लागतं. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण ते हसण्यावारी नेतो. शास्त्राला त्याचं कारण शोधायला शंभर वर्षं लागली, आणि शोध अजून सुरूच आहे.

सुरुवात रक्तापासून झाली. 1880च्या सुमारास इटलीत अँजेलो मोस्सो यांनी कवटीला इजा झालेल्या एका शेतकऱ्याच्या मेंदूतले ठोके मोजले. चर्चची घंटा वाजली, प्रार्थनेची वेळ झाली, तसे ठोके वाढले. 1890 मध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी मांडलं, की मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो आपलं रक्त स्वतःच वाढवून घेतो. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम 2 टक्के, पण विश्रांती घेत असतानाही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के त्याला लागतो.

1894 मध्ये, म्हणजे इकडे शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला त्याच वर्षी, जर्मनीत ओटो बिन्स्वांगर यांनी रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे मेंदूतला पांढरा भाग झिजतो, असं वर्णन केलं. हा पांढरा भाग म्हणजे मेंदूची केंद्रं एकमेकांना जोडणारे तंतू. त्यांच्या खोल भागाला लांब, बारीक वाहिन्यांतून रक्त मिळतं. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या उसासारखी त्यांची गत. वरचा दाब बिघडला की पहिली झळ तिथंच. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच.

कारण पुढे सगळं लक्ष अल्झायमरकडे आणि मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांकडे गेलं. 'नसा कडक झाल्या म्हणून विसरतो' ही जुनी समजूत मागे पडली. ती सरसकट खरी नव्हतीच, पण तिच्यासोबत रक्ताचा प्रश्नही बाजूला पडला.

तो परत आला एमआरआयमुळे. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचं काम टिपता येतं, हे दाखवलं. 1995 मध्ये भारतीय वंशाचे भारत बिस्वाल यांना दिसलं, की माणूस नुसता पडून असतानाही मेंदूच्या दूरच्या भागांतले चढउतार एका तालात होतात. यालाच आता जोडणी म्हणतात. वय वाढतं तशी आठवणींशी संबंधित भागांमधली ही लय सैल होते, असं नंतरच्या अभ्यासांत आढळलं.

गोम इथंच आहे. जोडणी मोजायची ती रक्तावरून, आणि म्हातारपणी रक्तवाहिन्याच बदललेल्या. लय सैल दिसली तर दोष पेशींचा की वाहिन्यांचा? म्हणून अलीकडे एकाच माणसाची जोडणी आणि रक्तप्रवाह दोन्ही मोजतात. त्यासाठी सुईही टोचावी लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकीय खूण करतात. दवाखान्यातल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये मात्र मेंदूची ठेवण दिसते, ही लय नाही. बीपीची गोळी चुकवू नका, हा सल्ला मात्र त्यासाठी थांबलेला नाही: 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत बीपीचा वरचा आकडा 120च्या खाली आणण्याचे उपचार घेतलेल्यांत स्मृती आणि विचारशक्तीच्या सौम्य घसरणीचं प्रमाण कमी दिसलं.